नोकरी सोडून इस्टेट एजंट व्हावं का?

तळ्यातमळ्यात

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळणारा प्रश्न शेवटी इथे टाकतोय.

वय सदतीस. एका कंपनीच्या खरेदी विभागात आहे. पुरवठादारांशी घासाघीस, करार वाचणं, बिलं तपासणं, हेच रोजचं काम. पगार वेळेवर होतो, पण पगार आणि मी दोघंही काही वर्षांपासून आहोत तिथेच आहोत. एका मित्राची घरांच्या खरेदी-विक्रीची एजन्सी आहे आणि तिचं बरं चाललेलं दिसतंय. तो म्हणतो, "ये माझ्याकडे, कागद नीट वाचणारा माणूस मला हवाच आहे." पगार नाही, दलालीत वाटा.

बायकोची नोकरी आहे. माझं उत्पन्न शून्य झालं तरी नऊ-दहा महिने निभावेल इतकी शिल्लक आहे. मी फार बोलका नाही. कुणाच्या गळ्यात काही मारणं तर मुळीच जमत नाही. तरी हे करावं का? या धंद्यात असलेल्यांनी किंवा त्यातून बाहेर पडलेल्यांनी मोकळेपणाने लिहा. "मनाचं ऐक" छाप सल्ले घरात भरपूर मिळतायत.

जुनी किल्ली

वाचलं आणि लिहायला बसले. आधी भाड्याची कामं, मग रीसेल, आता थोडं कमर्शियल असा माझा प्रवास आहे. पैशापासून सुरुवात करते, कारण बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

एका सौद्यावर एकूण दलाली शंभर धरा. समोरच्या पार्टीचा एजंट वेगळा असेल तर त्यातले पन्नास त्याचे. राहिलेल्यातले निम्मे ऑफिसचे. नवख्याला याहून चांगला वाटा सहसा कुणी देत नाही. तुमच्या हातात पंचवीस. त्यातून प्रवास, फोन, जाहिरात, पोर्टलचं पॅकेज, फोटोवाल्याचे पैसे, वर कर. लोक विकलेल्या घराची किंमत बघतात, तिचे दोन टक्के काढतात आणि म्हणतात, "एका सौद्यात एवढे?" तो आकडा एजंटच्या खिशापर्यंत पोचतच नाही.

आता ते पंचवीस येतात कधी? पार्टी घर बघते. मग घरचे बघतात. मग "आमचे काका एकदा बघून जातील." काका पश्चिमेकडे तोंड असलेल्या दारावर नापसंती दाखवून जातात. पुन्हा नवी घरं. एकदाचं टोकन (इसाऱ्याची रक्कम) झालं की कर्जाची फाइल, बँकेच्या वकिलाकडून मालकीहक्काची तपासणी, मूल्यांकन, साठेखत, खरेदीखत. बँकेचं मूल्यांकन ठरलेल्या किमतीच्या खाली आलं की घेणाऱ्याला जास्त रोख उभी करावी लागते आणि तिथे सौदा लटकतो. विकणाऱ्याच्या भावंडांपैकी एकाची सही अडली, लटकला. घेणाऱ्याचं आधीचं घर विकलं जाणार होतं ते विकलं गेलं नाही, लटकला. आणि फिसकटला, तर तुम्ही घातलेल्या महिन्यांचं मोल काहीच नाही. नोकरीत काम केल्याचा पगार मिळतो. इथे काम शेवटाला गेलं तरच मिळतो, आणि शेवट तुमच्या हातात नसतो.

त्यामुळे तुमच्या नऊ-दहा महिन्यांचा हिशोब मी असा मांडेन. सगळं सुरळीत झालं आणि पाचव्या महिन्यात पहिला सौदा जमला, तरी पैसे हातात यायला आणखी दोन-तीन महिने. शिल्लक तळाला जात असताना पहिला चेक येणार. दुसरा कधी, देव जाणे. दीड वर्षाची सोय असेल तर माणूस शांत डोक्याने काम करतो. घाईला आलेला एजंट पार्टीला लांबूनच ओळखू येतो. तो नको त्या घराची भलामण करतो, उत्तर माहीत नसताना "होईल हो, काही अडचण नाही" म्हणतो, आणि तिथेच पार्टी गमावतो.

बोलकेपणाचं म्हणाल तर त्याला उगाच महत्त्व दिलं जातं. नवरा म्हणतो मोठा हॉल हवा, बायको काहीच म्हणत नाही पण प्रत्येक घरात आधी स्वयंपाकघराची खिडकी उघडून बघते. सौदा त्या खिडकीवर ठरणार असतो. हे ज्याला दिसतं तो टिकतो, मग तो दिवसाला दहा वाक्यं बोलो.

चिमटा

पोर्टलवर फोटो, नकाशा, भाव सगळं दिसतं. आता तर एआय करारही वाचून देतं. कुलूप उघडून देण्याचे दोन टक्के कोण देणार आहे? पाच वर्षांत हा धंदा संपलेला असेल. शुभेच्छा.

आकडेमोड

चिमटा, ही भविष्यवाणी पोर्टल आली तेव्हापासून ऐकतोय. अमेरिकेतल्या झिलो या नावाजलेल्या पोर्टलने तर स्वतःच घरं विकत घेऊन पुढे विकायचा उद्योग काढला होता. किंमत संगणक ठरवणार, घासाघीस नाही, एजंटची मिनतवारी नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो गुंडाळत असल्याचं त्यांनी जाहीर केलं. काही महिन्यांनी त्या घराला काय भाव येईल, याचा अंदाज पुरेसा नेमका बांधता येत नाही, हेच कारण त्यांनी दिलं. घरं शोधून देण्याचं काम पोर्टलने एजंटकडून काढून घेतलं, हे मान्य. एकमेकांवर विश्वास नसलेल्या दोन पार्ट्यांना एका टेबलावर टिकवून ठेवण्याचं काम अजून कुणी काढून घेतलेलं नाही.

मूळ प्रश्नाबद्दल. माझ्या मते भीती बाळगायची ती पोर्टलची नाही, गर्दीची. चँग-ताय शे आणि एन्रिको मोरेट्टी या दोन अर्थशास्त्रज्ञांचा २००३ चा एक अभ्यास आहे. त्यांनी १९८० आणि १९९० च्या जनगणनेतून अमेरिकेतल्या २८२ शहरी भागांची आकडेवारी तपासली. तिथे दलालीचा दर जवळपास सगळीकडे सारखाच. मग जिथे घरं महाग तिथे एजंट श्रीमंत असायला हवेत की नाही? तसं दिसलं नाही. महाग शहरात एजंटांची संख्याच वाढलेली होती, प्रत्येकाच्या वाट्याला कमी घरं येत होती, आणि सरासरी कमाई स्वस्त शहरातल्या एजंटपेक्षा फारशी वेगळी नव्हती. आत शिरणं सोपं असलं की असंच होणार. भाव चढले की वरचं सगळं नव्याने आलेले लोक वाटून घेतात.

त्यात पुन्हा चढ-उतार. अमेरिकेत २०२१ मध्ये सुमारे ६१ लाख जुनी घरं विकली गेली. गृहकर्जाचा व्याजदर तीन टक्क्यांच्या आसपास होता, तो ऑक्टोबर २०२३ मध्ये आठ टक्क्यांच्या जवळ गेला आणि त्या वर्षी विक्री ४१ लाखांवर आली, १९९५ नंतरची तोवरची सर्वात कमी. तिथल्या एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेत मात्र तेव्हाही १५ लाखांवर सभासद होते. भागाकार ज्याचा त्याने करावा. एजंट तेवढेच मेहनती होते, व्याजदराने त्यांना विचारलं नाही.

म्हणजे मित्राचं "बरं चाललंय" हे बाजार तेजीत असताना चाललंय की मंदीतही चाललं होतं, हे आधी बघा.

निवांत

मी या धंद्यातून बाहेर पडलोय, म्हणून लिहितो.

पैसे अगदीच वाईट नव्हते. सोडलं ते वेळेमुळे. जगाला सुट्टी असते तेव्हा घरं बघितली जातात. शनिवार, रविवार, सणाचा दुसरा दिवस, संध्याकाळी सातनंतर. मुलाच्या शाळेचा कार्यक्रम आणि साइट व्हिजिट एकाच वेळी आली की आपण म्हणतो एवढी एक वेळ, आणि मग तीच सवय होते. फोन बंद ठेवता येत नाही, कारण न उचललेला फोन दुसऱ्या एजंटकडे जातो. रात्री अकराला "भाव थोडा कमी होईल का?" असा मेसेज येतो आणि तुम्ही उत्तर देता.

दुसरं म्हणजे डायरेक्ट झालेली पार्टी. घर तुम्ही दाखवायचं, कागद तुम्ही मिळवायचे, आणि मग दोघं म्हणतात "आमचा विचार रद्द झाला." तीन महिन्यांनी त्याच घरात त्याच माणसाच्या नावाची पाटी. यावर उपाय आहे: घर दाखवायच्या आधी दलाली किती, कुणी द्यायची आणि किती काळापर्यंत लागू, यावर सही घ्यायची. पण नवख्याला सही मागायचा धीर होत नाही. वाटतं, पार्टी बिचकेल. बिचकते ती आधीच डायरेक्ट व्हायच्या बेतात असलेली, असं माझं मत.

आता मी मालमत्ता सांभाळण्याच्या कामात आहे. भाडेकरू, देखभाल, करार, वसुली. पगारी. याच क्षेत्रात मूल्यांकन, कर्जाची कामं, बिल्डरच्या विक्री विभागातली नोकरी असे रस्तेही आहेत. एजंट हा एकच दरवाजा नाही.

तळ्यातमळ्यात

सगळ्यांचे आभार, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. दोन शंका. एक, माझ्या ओळखी बऱ्याच आहेत: ऑफिस, सोसायटी, कॉलेजचा ग्रुप. सुरुवात त्यांच्यापासून झाली तर पहिले सहा महिने सोपे जाणार नाहीत का? दोन, परवाना वगैरे काय लागतं?

जुनी किल्ली

ओळखींचं खरं आहे, पण अर्धं. माणूस आयुष्यात एक-दोनदा घर घेतो. तुमच्या शंभर ओळखीच्यांपैकी या वर्षी घर घेणारे किंवा विकणारे किती? हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके. त्यातले काही "आपल्यात कसली दलाली" म्हणणार. आणि नातेवाइकाच्या घरात पुढे ओल निघाली की ती तुमची ओल. ओळखीचा उपयोग ते स्वतः गिऱ्हाईक होतील म्हणून नाही, ते चारचौघांत तुमचं नाव घेतील म्हणून. त्याला वेळ लागतो.

सरळरेष

परवान्याबद्दल: देशादेशांत फार फरक आहे. जपानमध्ये या धंद्यातल्या ऑफिसात दर पाच कर्मचाऱ्यांमागे किमान एक जण राष्ट्रीय परीक्षा पास झालेला लागतो. ब्रिटनमध्ये याउलट, १९७९ चा कायदा आहे, तक्रार-निवारण योजनेचं सभासदत्व सक्तीचं आहे, पण एजंट व्हायला परीक्षा नाही. भारतात २०१६ च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याच्या कलम ९ नुसार, नोंदणी झालेल्या प्रकल्पातली घरं विकायची तर एजंटलाही नोंदणी करावी लागते, नाही केली तर रोजच्या हिशोबाने दंड. महाराष्ट्रात २०२३ पासून प्रशिक्षण आणि परीक्षाही आहे. तुम्ही जिथे काम करणार तिथला नियम मूळ सरकारी संकेतस्थळावर वाचा. मित्राच्या तोंडून ऐकू नका. आणि परीक्षा सोपी आहे म्हणून हुरळून जाऊ नका. ती तुम्हाला सोपी, तशी बाकीच्यांनाही सोपी. वर आकडेमोड यांनी लिहिलंय तेच.

आता एक गोष्ट जिच्याबद्दल कुणी बोललं नाही. तुम्ही म्हणता, गळ्यात मारणं जमत नाही. दलालीची रचनाच अशी आहे की ती तुमची रोज परीक्षा घेते. समजा घराला आज शंभरची ऑफर आहे, आणि आणखी दोन आठवडे थांबलं तर एकशे तीनची येऊ शकते. मालकाला तीन जास्त. दोन टक्क्यांच्या दराने एजन्सीला ०.०६ जास्त, त्यातला तुमचा वाटा ०.०३. त्यासाठी तुम्ही दोन आठवडे थांबाल, की मालकाला म्हणाल, "आहे ती ऑफर घेऊन टाका, बाजार थंड आहे"?

हा नुसता तर्क नाही. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हरसन यांनी २००८ मध्ये शिकागोच्या उपनगरांतल्या जवळपास एक लाख विक्री-व्यवहारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातली तीन हजारांहून जास्त घरं एजंटांची स्वतःची होती. तशाच प्रकारच्या घरांशी तुलना करता, स्वतःचं घर विकताना एजंट सरासरी साडेनऊ दिवस जास्त थांबले आणि त्यांना सुमारे ३.७ टक्के जास्त किंमत मिळाली. दुसऱ्याच्या घरासाठी मात्र ते थांबत नव्हते. ही माणसं लबाड होती असं मी म्हणणार नाही. ज्याला ०.०३ मिळणार आहेत तो आपोआपच असं वागू लागतो, आणि आपण मालकाच्या भल्याचंच सांगतोय असं त्याला मनापासून वाटतंही.

दोन्ही बाजूंकडून दलाली घेण्याचं तर विचारूच नका. विकणाऱ्याला जास्त हवेत, घेणाऱ्याला कमी, आणि मध्ये एकच माणूस दोघांचा. सिंगापूरमध्ये एकाच व्यवहारात दोन्ही बाजूंचा एजंट होण्यावर बंदी आहे, घर-विक्रीचे पैसे एजंटने स्वतः हाताळण्यावरही आहे, आणि एजंटचे मागचे व्यवहार सार्वजनिक नोंदवहीत बघता येतात. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेने दलालीच्या खटल्यांत ४१.८ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. त्याच वर्षीच्या १७ ऑगस्टपासून घेणाऱ्याच्या एजंटला घर दाखवण्याआधी लेखी करार करावा लागतो, आणि विकणाऱ्याच्या बाजूने त्याला किती दलाली मिळणार हे विक्रीच्या घरांच्या, एजंटांच्या सामायिक यादीत जाहीर करता येत नाही. म्हणजे "तुम्ही नक्की कशाचे पैसे घेता?" हा प्रश्न आता पार्टी तोंडावर विचारणार. उत्तर तयार असणाऱ्याला ही चांगलीच गोष्ट आहे.

निवांत

सरळरेष, +१. त्या लेखी कराराची सक्ती माझ्या वेळी असती तर मी कदाचित अजून तिथेच असतो.

चिमटा

म्हणजे सगळ्यांचं मत एकच दिसतंय: नको.

जुनी किल्ली

माझं तरी नाही. मी हा धंदा सोडणार नाहीये. किल्ली हातात घेतलेल्या माणसाचा चेहरा बघायला मला आजही आवडतं, आणि माझ्या वेळेची मालकीण मी आहे (शनिवार-रविवार सोडून, निवांत यांचं बरोबर आहे).

तळ्यातमळ्यात, तुमच्या मूळ पोस्टमधलं एक वाक्य मला पहिल्यांदाच खटकलं होतं. मित्र म्हणाला, "कागद वाचणारा माणूस हवाय." पण देतोय काय? विक्रीतला वाटा. ही दोन वेगळी कामं आहेत. मालकीहक्काची साखळी तपासणं, कर्ज फेडल्याचा दाखला मागवणं, वारसांच्या सह्या, मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम यांतली तफावत शोधणं, तारखा सांभाळणं, हे सगळं सौदा ठरल्यानंतरचं काम. कितीतरी सौदे याच टप्प्यावर मरतात, कारण विकणाऱ्या एजंटचं लक्ष तोवर पुढच्या पार्टीकडे गेलेलं असतं. मोठ्या एजन्सीत यासाठी वेगळा माणूस असतो आणि त्याला पगार असतो. मित्राला तो माणूस फुकटात मिळतोय, असं मला दिसतं. तुम्ही कागदही बघणार आणि पोटासाठी पार्ट्याही शोधणार. दोन्ही अर्धवट होईल.

त्याला हे विचारा. गेल्या दोन वर्षांत तुझ्याकडे किती जण आले आणि आज किती आहेत? ऑफिसच्या फोनवर आलेली लीड (नव्या गिऱ्हाइकाची चौकशी) कुणाला द्यायची हे कोण ठरवतं? पोर्टलचं पॅकेज कुणाच्या खर्चाने? मी मध्येच सोडलं तर माझ्या अर्धवट सौद्यांतला वाटा मला मिळणार का? पार्टीने दलाली बुडवली तर नुकसान कुणाचं? या पाच उत्तरांत बाकीचं सगळं कळेल. "अरे, आपल्यात कसले हिशोब" असं उत्तर आलं, तर तेही उत्तरच आहे.

आकडेमोड

शिवाय राजीनामा देण्याआधी काही शनिवार-रविवार नुसतं त्याच्याबरोबर फिरा. तुमच्या नियुक्तीपत्रात दुसरा व्यवसाय करायला मनाई असेल, तर एक पैसाही घेऊ नका, फक्त बघा. सौदे बघू नका, फिसकटलेल्या सौद्यांच्या फायली बघा.

तळ्यातमळ्यात

उशिरा लिहितोय. मित्राशी बोलणं झालं. पहिल्या प्रश्नावर तो बराच वेळ छताकडे बघत होता. आलेल्यांपैकी दोन टिकलेत, आणि त्यातला एक त्याचा भाऊ. लीड तो स्वतःच वाटतो. अर्धवट सौद्यांबद्दल "तेव्हाचं तेव्हा बघू."

फिसकटलेल्या सौद्यांच्या फायली मात्र त्याने दाखवल्या आणि मी दोन रविवार त्यात पार रमलो. एकात तर मयत भावाच्या बायकोची सही लागणार हे पहिल्याच कागदावरून दिसत होतं, आणि घेणाऱ्याचं कर्ज मंजूर होईपर्यंत कुणी बघितलंच नव्हतं. त्याला दाखवलं. मग मीच म्हटलं, मला पार्ट्या शोधायला लावू नकोस. टोकननंतरचं सगळं माझं. ठरावीक पगार, माझ्या आताच्या पगाराच्या साठ टक्के, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक सौद्यावर थोडा वाटा. तो पन्नासवर अडलाय. बायको म्हणते साठच्या खाली यायचं नाही. बघू.

सरळरेष

पन्नास घेतलेत तरी वाटा सौदा पूर्ण झाल्यावर कधी मिळणार, पार्टीने दलाली दिल्यावर की खरेदीखत झाल्यावर, हे ठरवून घ्या. दोन्हींत महिन्याभराचा फरक पडू शकतो.

जुनी किल्ली

आणि एखाद्या फायलीत तुम्ही "हा सौदा करू नका" म्हणालात तर त्या महिन्यात तुमचा वाटा बुडणार, हे लक्षात घ्या. त्यासाठी पगाराचा भाग मोठा आणि वाट्याचा लहान ठेवा. साठवर ठाम राहा, वाटा हवं तर अर्धा करा. काय ठरलं ते कळवा.